मधाच्या रंगाचं तेल

नवतपा लागला की नागपुरात सकाळी नऊलाच दुपार होते. कूलरमध्ये नव्याने भरलेल्या वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरतो. रस्त्यावरच्या माणसांचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळं दुपट्ट्यात गुंडाळलेलं असतं. डांबर मऊ पडतं आणि त्यात स्कूटरच्या स्टँडचे खड्डे उमटतात. हे नऊ दिवस दरवर्षी येतात, आणि दरवर्षी शेजारी एकमेकांना सांगतात की असं ऊन आजवर पाहिलं नाही.

आमचं घर हिंगणा रोडला लागून आहे. दुपारच्या पाळीच्या कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या दोन वाजल्यानंतर एकामागून एक समोरून जातात. परवा त्यांतल्या एकीच्या इंजिनातून बारीक, कोरडा टकटक आवाज येत होता. रिकाम्या पातेल्यावर कोणी नखाने वाजवावं तसा. गाडी चौकातून वळून दिसेनाशी झाली तरी मी खिडकीशीच उभा होतो. हातातलं ताक कोमट झालं होतं.

हा आवाज ओळखायला मला एका उन्हाळ्याने शिकवलं. त्याला आता चार वर्षं झाली. राग अजून निवलेला नाही. त्या रागाच्या यादीत माझंही नाव आहे, म्हणून तो क्रमाने मांडून ठेवतो.

मनोहर भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा अशीच एक बस चालवत. गाडी कंत्राटदाराची, कामगार कारखान्याचे. तीस वर्षं त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि गाडी कधी कशाला घासली नव्हती. हे ते स्वतः कोणाला सांगत नसत. सांगायची वेळ येऊ नये एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या जुन्या धाटणीच्या बसमध्ये इंजिन आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतं. वर बोनट, बोनटवर रेग्झिनची गादी. थंडीत त्या गादीसाठी कामगारांत चढाओढ, नवतप्यात तिथे कोणी डबासुद्धा ठेवत नाही. भाऊजींचा डावा गुडघा वर्षानुवर्षं त्या बोनटला टेकलेला. इंजिनाचं काय बिनसलंय ते त्यांना कानाआधी गुडघ्याला कळायचं.

त्या वर्षी मेच्या सुरुवातीला इंजिन पाणी खायला लागलं. हेडांना तडे गेले होते. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. या इंजिनाला सहा सिलिंडर आणि दोन हेड, तीन सिलिंडरवर पुढचं, तीनवर मागचं. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, या हेडांत असतात. खालून एक सळई वर ढकलली जाते, तिला पुशरॉड म्हणतात. ती रॉकर नावाच्या छोट्या तरफेचं एक टोक उचलते, दुसरं टोक व्हॉल्व्हवर दाबतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. शाळेच्या मैदानातल्या सी-सॉसारखा हा खेळ दर मिनिटाला शेकडो वेळा चालतो, आणि चालतो तो खालून वर चढणाऱ्या तेलावर. तेल पोचलं नाही तर रॉकर आपल्या दांड्यावर आवळून बसतो. खालची सळई मात्र थांबत नाही. ती वर येते, रॉकर हलत नाही, मग ती वाकते.

एवढं ज्ञान आज माझ्याकडे आहे. तेव्हा नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते वापरलं नाही. राग इथून सुरू होतो.

दोन्ही हेड नवी आली, सोबत गॅसकेटचा, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या भोकाभोकांच्या पत्र्यांचा, संच आला. कंत्राटदाराच्या यार्डातल्या टिनाच्या शेडमध्ये पुंडलिक मिस्त्रींनी ती बसवली. पुंडलिक मिस्त्री हलक्या हाताचे, देवभोळे गृहस्थ. त्यांची एक रीत यार्डात सगळ्यांना माहीत होती. हेड बसवून झालं, वरचं झाकण लावायचं राहिलं, की ते स्टीलच्या मगात नवं तेल घेत आणि ओंजळीने एकेका रॉकरवर सोडत. नवं तेल मधाच्या रंगाचं असतं. उन्हात ते बोटांतून ओघळताना मी पाहिलं आहे. बघत राहावं असं दृश्य. "मशीनले बी पहिली आंघोळ हातानंच घालावं लागते," ते म्हणत. मग झाकण, मग नारळ, कापूर आणि शेवटी स्टार्टर.

रीत चुकीची नव्हती. कोरड्या रॉकरवर इंजिन सुरू करू नये म्हणून सगळेच शहाणे मिस्त्री हे करतात. या रीतीने पुढे काय केलं, ते पुढे येईलच.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, भरलेली गाडी पुलाच्या उतारावर टकटक करायला लागली आणि पूल संपेपर्यंत एका सिलिंडरने काम सोडलं. कामगार खाली उतरले. सावली म्हणून फक्त बसची सावली, तीही दोन हात रुंद.

"काका, गाडीले बी ऊन लागलं काय?" एकाने विचारलं.

"कांदा ठेवा ना तिच्या खिशात," दुसरा म्हणाला.

भाऊजीही हसले. ते त्या महिन्यातलं शेवटचं हसणं.

यार्डात झाकण उघडलं तर मागच्या हेडातली एक सळई केळीसारखी वाकलेली. सुपरवायझर शेडमध्ये यायच्या आधीच निकाल सांगत आला: "ड्रायव्हरनं ताणली." त्याचं म्हणणं अगदीच निराधार होतं असंही नाही. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिन बेफाम फिरवलं तर सळया वाकतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच ते सोयीचं होतं. नवं हेड चुकू शकत नाही, नवं सामान चुकू शकत नाही, मिस्त्री आपला माणूस. उरला तो पाय.

सळई बदलली. पुंडलिक मिस्त्रींनी पुन्हा मगात तेल घेतलं, पुन्हा ओंजळीने घातलं, झाकण लावलं. गाडी तीन दिवस उत्तम चालली. मग पुन्हा मागच्याच हेडातली सळई वाकली. पुन्हा सळई, पुन्हा ओंजळ, पुन्हा चार दिवस.

आज हे तीन आकडे ओळीने लिहिले की कोणाच्याही लक्षात येईल. चार, तीन, चार. आणि तिन्ही वेळा मागचं हेड. माणसाचा पाय असा वेळापत्रकाने चुकत नाही. पण तेव्हा हे आकडे कोणी ओळीने लिहिले नाहीत. मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्यांतून हेच काढत आलो होतो. कोण, काय, कुठे, कधी, कसं आणि का. आणि मी तिथे हजर होतो.

तिसऱ्या वेळी ताईने माझ्याजवळ भाऊजींचा डबा दिला होता. शेडमध्ये शिरलो तेव्हा झाकण निघालेलं होतं आणि टिनाखाली भट्टीसारखी धग होती. भाऊजी बोनटवर ओणवे झाले. त्यांनी एक बोट पुढच्या हेडाच्या खळग्यात बुडवलं, दुसरं मागच्या हेडाच्या. मग दोन्ही बोटं वर धरली. एक काजळासारखं काळं, दुसरं मधाच्या रंगाचं, स्वच्छ.

"पाहा गा, पुंडलिकभाऊ. हे दोन रंग काहून हायेत?"

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "मांगच्या हेडात तेल तं आहे ना गा. सोन्यासारखं आहे."

"आहे ना. पण काळं काहून नाही झालं?"

सुपरवायझर मोबाइलवर बोलत होता. तो थांबला. "काका, तेल चांगलं आहे म्हणजे इंजिन चांगलं आहे. पाय खराब आहे तुमचा."

शेडमधले दोघं-तिघं हसले. भाऊजी हसले नाहीत. "माहा पाय का फक्त मांगच्या हेडावर पडते?" ते म्हणाले.

हा प्रश्न त्या उन्हाळ्यातला सगळ्यात अचूक प्रश्न होता. सुपरवायझर पुन्हा मोबाइलवर बोलायला लागला. मी डबा हातात घेऊन उभा होतो. दोन्ही बोटं माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला दोन रंग दिसले. वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

बाहेर पडताना सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. "साहेब, तुम्ही पेपरवाले. तुमची भाषा चांगली. काकांच्या वतीनं दोन ओळी लिहून द्या, चूक झाली म्हणून. मालक कागद पाहते, शांत होते, विषय संपते. नाही तर मालक म्हणून राहिला की ड्रायव्हर बदला."

मला ते व्यवहार्य वाटलं. ताईच्या घरी जाऊन तसं सांगितलं. ताई तेव्हा मुगाच्या वड्या वाळवून गच्चीवरून उतरत होती. परात तिने ओट्यावर आपटली.

"काहून लिहून देतील ते? ह्यायनं केलं काय?"

"ताई, नोकरी राहील. दोन ओळींचा प्रश्न आहे."

"तुह्या दोन ओळी तुले स्वस्त असतील, बापू. नाव ह्यायचं जाईल त्याच्यात."

मी लिहिलं. खाडाखोड न करता, एका दमात, चार ओळी. 'माझ्या निष्काळजीपणामुळे इंजिनाचे वारंवार नुकसान झाले. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' वाक्यं नेटकी होती. त्यांत कुठे शंका नव्हती, जर-तर नव्हतं. असा मजकूर कोणा वार्ताहराकडून आला असता तर मी विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं? पाहिलंस का?

तेच भाऊजींनी विचारलं. पेन हातात घेऊन त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "निष्काळजीपणा तू पाहिला होता काय, बापू?"

"लिहायची पद्धत असते, भाऊजी."

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या आधारे त्यांना गाडीवरून काढलं. माणसाने स्वतःच कबूल केलं आहे, मग आणखी काय पाहिजे? गाडी मालकाच्या मावसभावाला मिळाली.

नवतपा त्याच आठवड्यात लागला. त्या नऊ दिवसांतलं भाऊजींचं घर मला वासांसकट आठवतं: वाळा, उकडलेली कैरी, उन्हात तापलेल्या लोखंडी गेटचा वास. भाऊजी दर तासाला कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत. दुसरं काम नव्हतं. दुपारी दोननंतर त्यांच्याही घरासमोरून बसगाड्या जायला लागल्या की त्यांचा डावा गुडघा हलायचा. कोणत्या गाडीचा क्लच गेलाय, कोणाची टॅपेट वाजतेय, ते बसल्या जागी कळत होतं, पण ते सांगत नव्हते. पानठेल्यावर जाणं त्यांनी बंद केलं, कारण तिथे कोणीतरी म्हणालं होतं, "हेच ते, मालकाचं नवं इंजिन फोडणारे." तीस वर्षं ज्याने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही त्याची ओळख आता ही होती, आणि तिचा पुरावा माझ्या अक्षरात होता.

नव्या ड्रायव्हरच्या हाती गाडी चार दिवस चालली. मग सळई वाकली. मागच्या हेडातली.

या वेळी पाय हा शब्द कोणी काढला नाही. मालकाच्या मावसभावाला पाय नसावेत. या वेळी सुपरवायझर म्हणाला, "हेडच उतरवा, काहीतरी सामानात गडबड आहे." म्हणजे हे वाक्य त्याला येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. ते कोणासाठी वापरायचं आणि कोणासाठी नाही, एवढंच त्याने ठरवलेलं होतं. मला यंत्राचा राग येत नाही. यंत्राने चारही वेळा एकच साक्ष दिली होती.

हेड उतरवलं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. दोनच दिवसांनी, भर बाराच्या उन्हात, पुंडलिक मिस्त्री सायकलवरून भाऊजींकडे आले. डोक्यावर ओला पंचा, कॅरिअरला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गॅसकेट. ताईने पाणी दिलं. ते न पिता त्यांनी गॅसकेट फरशीवर उलगडलं.

"हे मांगच्या हेडाखालचं. दुसऱ्या मॉडेलचं आलं संचात. हे तेलाचं भोक पाहा. बोटभर सरकलेलं आहे. खालून तेल येते आन् इथं पत्र्याले धडकते. वर थेंब नाही चढला, मनोहर. एक थेंब नाही."

"मंग खळग्यात होतं ते?" ताईने विचारलं.

मिस्त्रींनी आपल्या ओंजळीकडे पाहिलं. "ते माह्या हातचं. मीच टाकत होतो, आन् झाकण उघडलं की मीच पाहत होतो. म्हणत होतो, तेल आहे."

डिझेल इंजिनात फिरलेलं तेल दिवसभरात काळं पडतं. काजळी त्याच्यात मिसळते, ती त्याच्या कामाची खूण. मधाच्या रंगाचं राहिलेलं तेल म्हणजे न फिरलेलं तेल. ओंजळीने घातलेलं ते तेल तीन-चार दिवस रॉकरांना पुरायचं, ते ओघळून खळग्यात साचलं की वर कोरडे पडलेले रॉकर आवळायचे. प्रेमाने घातलेल्या आंघोळीने खरा दोष दर वेळी तीन-चार दिवसांसाठी झाकला होता. सुरुवातीलाच झाकण काढून इंजिन नुसतं सुरू करून पाहिलं असतं तर तेल चढत नाही हे तिथेच दिसलं असतं. पण तसं केलं की अंगावर शिंतोडे उडतात. ड्रायव्हरवर ढकललं की उडत नाहीत.

"तू बोट दाखवलं होतं गा," मिस्त्री म्हणाले.

"दोन दाखवले होते," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलून मिस्त्रींच्या हातात दिला.

सोमवारी या, असा सुपरवायझरचा फोन आला. जणू सुट्टी संपली होती. मी सोबत गेलो. यार्डात गाडी बरोबर मापाचं गॅसकेट बसवून, धुऊन उभी होती. सुपरवायझरने किल्ली पुढे केली.

"पहिले माहा कागद दे," भाऊजी म्हणाले.

"कोणता कागद?"

"तो, लिहून दिलेला."

"अहो काका, कागदाचं काय घेऊन बसले? तो फाइलला लागला. आता तुम्ही आले ना कामावर."

"कागदानंच घरी बसवलं ना मले? मंग कागदाचंच घेऊन बसतो."

आणि ते खरोखर बसले. बसच्या पायरीवर, उन्हात. सुपरवायझर हसला, मग चिडला, मग ऑफिसात गेला, परत आला. एक वाजला, दीड वाजला. थांब्यांवर कामगार उभे असणार, पाळी तीनची. पायरीचं लोखंड तापलेलं, भाऊजी हलले नाहीत. शेवटी पुंडलिक मिस्त्री हात न पुसताच ऑफिसात गेले आणि फाइल घेऊन आले. तिच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या पाच बोटांचे काळे ठसे होते.

मला वाटलं, भाऊजी कागद फाडतील. त्यांनी तो मांडीवर ठेवला, वाचला. मी खिशातून पेन काढलं. "द्या, भाऊजी. खाली मी लिहितो, व्यवस्थित."

"तू नको, बापू. तू लय सफाईनं लिहितं. पेन दे."

माझ्या चार ओळींखाली त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'गाडी मी बरोबर चालवली. मांगच्या हेडात तेल चढत नव्हतं. मी तेव्हाच सांगतलं होतं.' सुपरवायझरला सही करायला लावली. मिस्त्रींनी न सांगता केली. मग भाऊजींनी बोनट उघडलं, वरचं झाकण काढायला लावलं आणि स्टार्टर मारायला सांगितला. सगळे वाकून पाहत होते. आधी पुढच्या हेडात, मग मागच्या, बाराही रॉकरांवर तेल चढलं. सुपरवायझरच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडाले, काळे. "आता लावा झाकण," भाऊजी म्हणाले, आणि वर चढून सीटवर बसले. त्या दिवशी गाडी उशिरा पोचली. कारण विचारलं गेलं नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. काल दुपारी माझ्याकडे आले होते. वस्तीत पाण्याचा टँकर येत नाही, त्याबद्दल अर्ज द्यायचा होता. मी कोरा कागद पुढे ओढला. त्यांनी तो आपल्याकडे घेतला. "पेन दे. लिहीन मी." चार वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक ओळही लिहून घेतलेली नाही. ते लिहीत असताना, काहीतरी बोलायचं म्हणून, मी परवाच्या बसचं सांगितलं. तो टकटक आवाज, किती वाजता, कोणत्या बाजूने, कसा. तपशील सगळा बरोबर होता.

त्यांनी मान वर केली. "ड्रायव्हरले सांगतलं काय?"

"नाही. गाडी निघून गेली होती."

"अन् तू?"

"मी खिडकीत होतो."

"हं," ते म्हणाले आणि पुढची ओळ लिहायला लागले.

आज पावणेदोनला डोक्याला दुपट्टा बांधून थांब्यावर जाऊन उभा राहिलो. तिसरी बस तीच होती. आवाज आधी आला, गाडी नंतर दिसली. ड्रायव्हर चाळिशीचा असेल. कामगार चढत होते तोवर मी त्याच्या खिडकीशी गेलो आणि विचारलं, एवढ्यात नवी हेड टाकलीत का.

"हो. पाच दिवस झाले. तुम्हाले कसं माहीत?"

"सळई वाकली का एखादी?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. "एक वाकली. सुपरवायझर म्हणून राहिले की मीच ताणली. उद्या बोलावलं ऑफिसात."

"आज झाकण उघडून इंजिन सुरू करा आणि तेल वर चढतं का ते पाहा," मी म्हणालो. "आणि ते काळं झालेलं दिसेपर्यंत कोणी कितीही चांगल्या भाषेत लिहून आणलं, तरी सही करू नका."